मिनिटाला सहा फेरे

पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी पुन्हा आणू नकोस, प्रणित.
ते कपाटाच्या मुठीला ठीक.
काठी वाकते तेव्हा ते वाकत नाही,
कडीपाशी तडकतं,
आणि जिताडा नेमका तेवढ्यासाठीच थांबलेला असतो.

जाडवालं एका हातात दोरा झाकतं, खरं.
पण करावेगावच्या खाडीच्या हवेत
पहाटे त्यावर साय धरते, चिकट.
पातळच घे. दोन हात लागतील.
दोन रात्री लागतील.

दोन्ही बाटल्यांतलं सारखं,
अंदाजपंचे नाही,
आईच्या इन्सुलिनच्या जुन्या सिरिंजांनी मोजून.
हळू ढवळ. फेटलंस की बुडबुडे.

गणपतीमागचं चक्र फिरवायची ती मोटर
आता काठी फिरवते,
मिनिटाला सहा फेरे:
थेंब लोंबायच्या आत
खालची बाजू वर.

तू बाबांच्या होडीचा नारंगी मागितला होतास.
दोरा भिजला तसा विटकरी पडला.
रंग राखणारा पहिला हात
मीच विसरलो, एवढं शिकवून.

तू वाकून बघितलंस.
म्हणालास, शेवटी शेवटी
होडी अशीच दिसायची.

मोटर बंद करू नकोस अजून.