अंगवळणी

उत्तर आइसलँडात, एका फ्योर्डाच्या काठी,
हेरिंग खारवायची जुनी शेड
आम्ही महिन्याच्या भाड्यानं घेतली.
उंची पुरेशी, खिडक्या दोनच,
मोशन कॅप्चरला लागतो तेवढा अंधार फुकटात.
बारा कॅमेरे चढवले तुळयांवर,
बारा लाल डोळे.

पहिल्याच चाचणीत पडद्यावर एक ठिपका उगवला,
मधल्या मोकळ्या जागेत कुणीच नसताना.
वेदिस शिडी घेऊन तासभर शोधत राहिली.
फळीच्या फटीत खवला निघाला,
नखाएवढा, साठ वर्षांचा शिळा,
चमकायची खोड न गेलेला.
मला वाटलं, खरवडून काढेल.
तिनं नुसती काळी टेप लावली.

ईसाफोल्ड मंगळवारी आली. वय एक्याऐंशी.
थर्मासमध्ये स्वतःची कॉफी; आमच्या कॉफीवर भरवसा नव्हता.
काळा घट्ट सूट चढवताना म्हणाली,
"या वयात सीलचं सोंग!"
एक्केचाळीस चंदेरी ठिपके चिकटवले तिच्या अंगावर.
हात आडवे पसरा, म्हटलं, खांद्याच्या रेषेत.
उजवा गेला. डावा अर्ध्यावर थांबला.
"हा एवढाच येतो. तुमच्या बाहुलीला सांगा."

सिनेमा सहा मिनिटांचा,
रात्रपाळीला मासे खारवणारी एक मुलगी, संवाद नाहीत.
पिंप कुठे मिळालं नाही, म्हणून काउरीनं
जमिनीवर खडूनं वर्तुळ काढलं: हे पिंप समजा.
तिनं वर्तुळाकडे पाहिलं,
बुटानं पुसून टाकलं,
आणि वाकली.

रात्री मी ठिपके साफ करायला बसलो.
माझं काम तेच:
हरवलेला ठिपका मागच्यापुढच्या फ्रेमवरून अंदाजानं भरायचा,
म्हातारपणाची थरथर गाळून टाकायची,
कारण मुलगी एकोणीस वर्षांची आहे.
तेव्हा दिसलं.
हात खाली जातो आणि थांबतो,
हवेतच, तळ लागल्यासारखा.
एक मासा, पोट वर. शेजारी दुसरा, चिकटून.
मूठ झटकली: मीठ.
पुढचा थर दोन बोटं वर.
त्याच्या पुढचा आणखी दोन बोटं.
मी फक्त हात थांबल्याच्या जागा जोडत गेलो
आणि काळ्या पडद्यावर पिंप उभं राहिलं,
पोटात फुगलेलं, तोंडाशी आवळलेलं,
आमच्यापैकी कुणीच न काढलेलं.
काम अंगवळणी पडतं म्हणतात.
इथं अंगाच्या वळणालाच
लाकडाच्या फळ्या आल्या होत्या.

एक गोष्ट मात्र जुळेना.
दर पंधरा-वीस माशांनंतर ती
डावं कोपर अंगाशी ओढून घ्यायची,
वाटेत काहीच नसताना.
खांद्याचं दुखणं असेल, म्हणून मी रेघ सपाट केली.
सकाळी सहज विचारलं.
"डावीकडे अल्डिस असायची. महारागीट.
धक्का लागला की माशाचं मुंडकं फेकून मारायची."
"आता कुठं असतात?"
"कुठं असणार," म्हणाली
आणि थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिली.

मी रेघ पुन्हा होती तशी केली.
काउरी म्हणाला, प्रेक्षक विचारतील, ही कोपर का आखडते?
म्हटलं, विचारू देत.

कच्चा सिनेमा तिला तिथंच दाखवला,
चादरीवर, हीटर पायाशी घेऊन.
सहा मिनिटं ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, "मुलगी बरी जमलीय. माझ्याहून उंच.
पण पिंप चार बोटं लांब पडलंय.
असं वाकली तर पहाटेपर्यंत कंबर उरायची नाही तिची."

वेदिसनं हसू दाबलं. मी फाइल उघडली.
खरं होतं. चंद्राचा उजेड नीट पडावा म्हणून
काउरीनं पिंप सरकवलं होतं, न सांगता.
आम्ही ते परत आणलं, हाताखाली, जिथल्या तिथं.
उजेड जरा बिघडला.
मध्यरात्र उलटली तेव्हा
मुलीची कंबर वाचली होती.