भैताडपणाचा रकाना

पहिल्या पगाराच्या रात्री
एका रद्द झालेल्या ब्लड रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी एका मुलीचा हिशोब मांडला.
हातात चौदा हजार दोनशे.
खोलीचे पस्तीसशे, डब्याचे अठ्ठावीसशे,
तुमसरला घरी पाच हजार,
बचत दोन हजार,
आणि खाली दोन रेघा, पट्टीने मारलेल्या.

चांगली मुलगी होती ती.
तिला चार वाजता भूक लागत नव्हती.
तिची चप्पल धंतोलीच्या चौकात तुटत नव्हती,
मैत्रिणींची लग्नं ठरत नव्हती,
डोकं दुखलं तर आपोआप थांबायचं.
एकोणीस तारखेला मात्र
प्रणोती गजभियेकडे दोनशे मागायला
दर वेळी मीच जायची.

कूलर नव्हता त्या कागदात.
नागपुरात राहून ज्याच्या कागदात कूलर नाही
तो एक तर खोटं लिहितो
नाही तर जानेवारीत लिहितो.
मी जानेवारीत लिहिला होता.

एप्रिलात इतवारीतून जुना आणला, बत्तीसशेला, उधारीवर.
अर्धा ऑटोत, अर्धा बाहेर,
आणि मी त्याला कवेत धरून, नवरदेवासारखा.
घरमालक बाराहाते काका सबमीटर लावून मोकळे.
"युनिटचे नऊ रुपये, बेटा. खस तुझी तू बदल."
रात्रभर तो गळायचा, घरघरायचा,
मी अंधारात पडून
त्या घरघरीतले नऊ नऊ रुपये मोजायची.
घाम यायचाच.

मे संपताना घरी गेले
तेव्हा आईची जुनी वही काढली.
एवढ्याशा पैशात हिने वीस वर्षं कशी काढली, बघू म्हटलं.
डाळ. रॉकेल. बाबांच्या गोळ्या.
मीठ.
सात तारखेला मीठ, तेराला मीठ, बावीसला परत मीठ.
पुढच्या महिन्यातही तेच.
चार माणसांचं घर आमचं,
एवढं मीठ जायचं कुठे?

आई चवळी निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"कुल्फी खाओ ना मी. बसस्टँडवर. एकटीच."
मग बऱ्याच वेळानं,
"पिस्त्याची."

परतीच्या बसमध्ये नवा कागद घेतला.
पट्टी नव्हती, भंडाऱ्यापर्यंत रेघा नाचतच आल्या.
तुमसरच्या पाचाचे तीन केले
आणि त्या तीनवर पेन टेकवून बसले
शाईचा ठिपका फुगेपर्यंत.
कूलरचे महिन्याला बाराशे, चार महिने,
म्हणजे दिवाळीतही, थंडीतही
दर महिन्याला चारशे उन्हाच्या नावानं बाजूला.
बचत आठशे.
हसायचं असेल त्यानं हसावं,
आधीच्या दोन हजारातला एक रुपयाही
कधी वाचला नव्हता.

सगळ्यात खाली एक ओळ उरली.
"इतर" लिहिणार होते.
पण इतर म्हणजे कोण?
इतर लिहिलं की पैसे मागच्या दारानं जातात,
आणि आपण पुढच्या दारात पहारा देत बसतो.
मीठ लिहायला मी आई नाही,
माझी वही वाचणारं इथे कुणी नाही.
म्हणून सरळ लिहिलं:
भैताडपणा, सहाशे.

यात लॅबखालच्या ठेल्यावरचे तर्रीपोहे येतात,
वरून तर्री मागितली तर तीही.
उलट्या दिशेच्या मेट्रोत बसून
खापरी बघून येणं येतं.
सीताबर्डीवर घेतलेले कानातले,
जे घरी आल्यावर
दुसऱ्याच कुणाचे वाटतात.

जूनची एकोणीस तारीख.
प्रणोती दारात उभी.
"दोनशे आहेत का बे?"
थांब, म्हटलं, कागद बघून सांगते.
ती बघतच राहिली माझ्याकडे.

भैताडपणात एकशे ऐंशी होते.
दिले.
उरलेल्या विसासाठी
दारातून हललीच नाही, बेशरम.