मुळ्याचा पाला

ट्रेझरीच्या जुन्या इमारतीची मोजणी माझ्याकडे आली
तेव्हा मूळ नकाशा सापडला विभागाच्या माळ्यावर,
एका पत्र्याच्या ट्रंकेत,
सिंहस्थाच्या बांबूंच्या हिशेबाखाली.
मेणकापडावर काढलेला. शाई अजून निळी.
उजव्या कोपऱ्यात दोन भागीदार: हॅलम आणि पूक,
आणि त्यांच्या विलायतेतल्या गावाचं नाव,
ज्याचा पुढचा भाग कसरीनं खाल्लाय.
उरलंय फक्त ‘बरी’.

बरी तर बरी.
तिथे त्यांनी काय काय बांधलं असेल?
धान्याचा बाजार, बँकेची शाखा, अग्निबंबाची शेड,
मुलींच्या शाळेची एखादी पाठची भिंत.
चर्चची कामं मोठ्या शहरातल्या मोठ्या नावांकडे जात असणार.
देव नसलेल्या इमारती यांच्या वाट्याला.
मग कुणाचा तरी मेव्हणा इथल्या कचेरीत लागला
आणि टपालानं एक काम मिळालं.
त्यानं पावसाचे इंच कळवले,
दगड काळा आहे हे कळवलं.
ऊन कळवायचं राहिलं.

म्हणून छपराला बर्फ ओघळेल एवढा उतार.
म्हणून खजिनदाराच्या खोलीत शेकोटी
(तिच्यात आता चलनांची बाडं,
मागच्या मार्चमध्ये तिथे मांजर व्यायली).
म्हणून उंच खिडक्यांची सगळी रांग दक्षिणेला,
बिचाऱ्या कारकुनांना चार घटका ऊन मिळावं म्हणून.

पण खिडक्या दक्षिणेला नाहीत.
मी होकायंत्र दोनदा झटकलं.
खिडक्या उत्तरेला आहेत, गंगेकडे.
आखणीच्या दिवशी कुणीतरी नकाशा उलटा धरला होता.
ओव्हरसियर नारो गोडघाटे असावा,
हजेरीपटावर त्याची सही आहे, चांगली लफ्फेदार.
चुकून की डोकं लावून, ते पटावर लिहिलेलं नाही.
एवढं खरं की एकाही कारकुनाच्या मानेवर
कधी वैशाख पडला नाही
आणि मुख्य दारातून आत शिरलं
की आधी मोरी लागते.

हॅलम-पूक बघायला आले नाहीत.
बोटीचं भाडं फीपेक्षा जास्त झालं असतं.
खांबांच्या माथ्याचा तपशील मात्र
त्यांनी जीव लावून काढलाय:
ओकची पानं, पानांत ओकची फळं टोपीसकट,
एकेक शीर केसाएवढी.

गेणू पाथरवटानं ओक कुठे पाहिला होता?
मी शिडीवर चढून हात फिरवला.
मुळ्याचा पाला आहे तो.
कातरलेली कड, देठाकडे बारीक होत गेलेले तुकडे,
थेट बुधवारच्या बाजारात घाटावर ढीग असतो तसा.
आणि फळ म्हणाल तर बिब्बा.
काळ्या दगडात काळा बिब्बा.
सरकारी खजिन्याला दृष्ट लागू नये ही सोय
नकाशात नव्हती,
अंदाजपत्रकात तर नव्हतीच.

टेपचं दुसरं टोक मुनीर कोकणी धरतो.
तो पगार इथूनच घेत आला, पुढच्या वर्षी पेन्शनही इथूनच.
म्हणतो, मॅडम, अकराव्या खांबावर बघा,
पानाला भोक आहे, आम्ही त्याला गोळीची खूण म्हणायचो.
बघितलं.
टाकी निसटली म्हणावी तर कडा गुळगुळीत,
आत बोटाचं पेर बसतं.
आणि भोकाच्या खाली, शिरेला चिकटून,
तांदळाएवढी अळी.
रस्त्यावरून ती कुणाला दिसणार?
कंत्राटदाराला नाही, साहेबाला नाही.

फॉर्ममध्ये ‘रचनाकार’ असा रकाना आहे,
दोन नावांपुरता.
मी हॅलम लिहिलं, पूक लिहिलं,
मग समासात गोडघाटे,
मग पान आडवं धरून गेणू.
आडनाव मिळालं नाही.

खाली मुनीर विचारतोय,
ते भोक दुरुस्तीत धरायचं का?
सिमेंट लागेल चमचाभर.
मी अजून शिडीवरच आहे.