माय म्हणजे बहुधा

जयगडच्या बंदर कचेरीत पंखा फिरत होता,
म्हणजे फिरत असावा,
वारा काही लागत नव्हता.
मे महिन्याची तेवीस तारीख.
खाली होड्या वर ओढायला लागले होते,
झाकायचे झाप धक्क्याला टेकवून ठेवलेले.

टेबलाच्या अलीकडे रघुवीर डोर्लेकर,
पलीकडे कोळशाच्या जहाजावरचा सेकंड मेट रादोस्लाव,
खुर्चीत कुरुप साहेब, सात वर्षं इथं काढलेले,
आणि मध्ये मी.
चाळीस वर्षांपूर्वी मासळीचं शिकायला वार्नाला गेले होते,
त्या भांडवलावर अजून अधूनमधून
बोलावणं येतं.

डोर्लेकर म्हणाला,
"डोळ्यानं नाय बगितलं मी. पन बोटीनंच तोडलान असंल."
त्यातलं 'असंल' मी साहेबांसाठी इंग्रजीत नेलं.
'मस्ट हॅव'मध्ये ते फार ताठ उभं राहिलं,
'माइट हॅव'मध्ये मान टाकली त्यानं.
साहेबांनी लिहिलं: जहाजाने जाळी तोडली.
आणि टिंब दिलं, ठसठशीत.

बल्गेरियनमध्ये मात्र 'असंल' चप्पल न काढता आत गेलं,
माहेरी आल्यासारखं.
तिथं न पाहिलेल्या गोष्टीचं क्रियापदच वेगळं,
एक छोटंसं 'बिल' लावलं की झालं:
होता म्हणे, आपण काही तिथं नव्हतो.
मी 'बिल' म्हटलं
आणि डोर्लेकरनं खिशातून घडी काढून टेबलावर ठेवली.
नायलॉन, शिसं, दोर,
बारा हजार सातशे चाळीस.
हे बघा बिल, म्हणाला.
हसले नाही मी. हसायला नको होतं,
पण रादोस्लावला समजावताना
ओठ जरा हलले असतील.

आणि त्यांच्यात माय म्हणजे बहुधा.
घरमालकीण खिडकीतून ढग बघून म्हणायची, माय,
बस उशिरा येणार, माय,
मला वाटायचं म्हातारी सारखी आईला हाका मारते.
माय म्हणजे मे महिनासुद्धा, हे पुढच्या वर्षी कळलं.
इंग्रजीतही तेच: मे.
दोन भाषांनी शंका एकाच महिन्यात ठेवलीय,
आपण तिला महिना दिलाच नाही.
आपल्याकडे मे नुसता मे,
फणसाचे गरे आणि अंगाला चिकटलेला परकर.
पण विचारा खाडीवर कुणालाही,
अजून एक खेप होईल का रे?
तो आधी आभाळाकडे बघेल,
मग तुमच्याकडे,
मग काहीतरी बोलेल ज्यात हो पण नाही, नाही पण नाही.

"मॅडम, व्हॉट डू यू थिंक?"
मला कुणी विचारत नाही हे.
इंग्रजीत मत मांडायचं तर मी
उंबऱ्याबाहेरच चपला काढायला लागते:
आय मे बी राँग, इट सीम्स टू मी, आय सपोज.
तीन जोड काढून आत पोचेपर्यंत
काय सांगायला आले ते आठवत नाही.
तरी सांगितलं. भरतीला नांगर घसरला असावा,
अंधारात, कुणाला न कळता.
मग तेच रादोस्लावसाठी.
तिन्ही चपलांच्या जागी एकच शब्द पुरला.
माय.

त्यानं ऐकलं.
मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली.
"नाय म्हनतो?" डोर्लेकरनं बिलाची घडी ओढून घेतली.
वार्नाला याचा अर्थ हो.
पण हा माणूस अकरा वर्षं
केरळच्या आणि मनिलाच्या पोरांबरोबर जहाजावर,
त्याची मान आता कुठल्या देशाची
कोण सांगणार?
परत विचारलं. तो टेबलाकडे बघत राहिला.

साहेबांचं पेन थांबलेलं.
"आय थिंक ही मीन्स येस."
पेन टेकलं.
"साहेब," मी मराठीत म्हटलं,
जरा मोठ्यानंच,
"त्यातलं थिंक पण लिहा."

खालून होडी ओढणाऱ्यांचा आवाज येत होता.
लिहिलं त्यांनी.
स्पेलिंग चुकलं की काय,
लांबून दिसलं नाही मला.