दोन हजार सहाशे चाळीस

डीपी आली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत,
खाली तुराट्यांची गादी,
बाजूला चौघे, मयतीला आल्यासारखे गप्प.
तेल गळत होतं फाट्यापासून.

दिग्रसच्या आर्णी रोडवर, पत्र्याच्या शेडमध्ये
पंचफुला गेडामनं झाकण उचललं.
मी तेव्हा नवा. पाने द्यायचो, तेल पुसायचो.

"हे पाह्य. बाहेरून बारीक तार,
वेढे दोन हजार सहाशे चाळीस.
आत जाड पट्टी, वेढे साठ.
दोघीची भेट नाई.
मधात कागद, कागदात तेल.
तरी हिच्यात हाललं का तिच्यात हालते."

अकरा हजार व्होल्ट येतात रानावरून,
हातात जेमतेम तीन अँपियर,
कुणाच्या बांधावर न थांबता.
इथं उतरून अडीचशे होतात
आणि अँपियर होतात चौऱ्याऐंशी.
"उंची सोडली का हात फुटतात त्याले," ती म्हणायची,
"मोटरीले उंची नाई लागत. हात लागतात."

मग त्याला काय सुटतं यात, मी विचारलं.
"काई नाई. जेवढं घेते तेवढं देते.
थोडं खाते मधात.
खाल्लं तेवढंच गुणगुणते."

छिन्नीनं तिनं थरामागून थर सोलले.
काळा, काळा, काळा कागद,
नखाला लागला की राख.
मग, दोन्ही कॉइलींच्या मधला, तपकिरी,
त्यावर पेन्सिलीनं: २६४०.
सहाची शेपटी तिचीच, लांब, वळवून वर नेलेली.
चार उन्हाळ्यांपूर्वीची.

तिनं कागद उजेडात धरला.
मग चौघांकडे पाहिलं.
"माहा आकडा तं बरोबर हाय.
तुमचे आकडे किती होते तारीवर?"

एकाला खोकला आला.
एक म्हणाला, सतरा.
तिसरा, जरा वेळानं: पंचवीस धरा, बाई.

मशीनचं मीटर कधीचंच बंद.
ती ओठांनी मोजायची.
मोजताना शेडमध्ये कोणी बोलत नसे,
चहावाला पोऱ्या केटली घेऊन उंबऱ्याबाहेर उभा.

एकोणीसशे बाराव्या वेढ्याला लाइन गेली.
आमचीच.
भर दुपारी दिवेलागणीएवढा काळोख त्या पत्र्याखाली.
तिनं हँडल सोडलं नाही,
तार ढिली पडू दिली नाही,
मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता
आणि चौघांपैकी कुणाची तरी चप्पल.

किती वेळ गेला माहीत नाही.
पंखा फिरला, बल्ब पिवळा झाला, मग पांढरा.

"एकोणीसशे तेरा," ती म्हणाली.