नऊ व्होल्ट, दोन अँपिअर

वास आधी आला.
मग दिसला उशीच्या खोळीवरचा डाग,
आठ आण्याच्या नाण्याएवढा, तपकिरी,
आणि त्याला टेकून चार्जर,
बोर्डात तसाच अडकलेला.

मे महिना. कूलरमध्ये पाणी भरताना
मी आधी प्लग काढतो, मग बादली उचलतो.
घरात सगळ्यांना हेच शिकवलं, ओरडून ओरडून.
आणि हे एवढंसं पांढरं पिल्लू
चंद्रकलेच्या कानाशी रात्र रात्र तापत होतं,
जावयाने स्टेशनासमोरून आणलेलं,
तर मला पत्ता नाही.

अजनीच्या शेडमध्ये तेहतीस वर्षं काढली.
डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट.
अर्थिंगचा दांडा लटकवल्याशिवाय
इंजिनाच्या छतावर पाय ठेवला नाही कधी,
साहेब खालून बोंबलत असला तरी.

कपाटावरून फोनचं खोकं काढलं.
आतल्या कागदावरचे आकडे
विजेच्या बिलामागे उतरवून घेतले,
नऊ व्होल्ट, दोन अँपिअर,
आणि बर्डीला गेलो. मोदी नंबर तीन.
उन्हानं डांबर चपलेला धरत होतं.

काउंटरवर पोरगा, हेमराज नंदनवार,
नाव बिलबुकावर छापलेलं.
"घ्या ना काका, एकशे ऐंशी. सगळ्यांले चालते."

सगळ्यांले चालते
या बोलण्याचीच मला धास्ती.

तळहातावर घेतला. रिकाम्या काडेपेटीसारखा.
कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त.
पिना हलत होत्या, पडायला आलेल्या दातासारख्या.
चष्मा घरी राहिला होता, म्हटलं वाच तूच.
"आउटपुट पाच व्होल्ट, एक अँपिअर."
"अन् सरकारी नंबर? आर पासून सुरू होते तो?"
त्याने उलटा केला, सुलटा केला.
"नाही दिसून राह्यला."

मग मीच सुरू झालो, रिटायर माणसाला काय काम.
अँपिअर जास्त असला तर भिऊ नको म्हटलं,
वाढप्यानं कितीही मोठं पातेलं आणलं
तरी पानात आपण लागेल तेवढंच घेतो.
व्होल्टचं तसं नाही.
तिथे बोलणी व्हावी लागते.
चार्जर पाचवर उभा राहतो, फोन नऊ मागतो,
दोघांची भाषा एक असली तर तो वर चढतो,
नसली तर पाचवरच रखडत बसतो.
टोकन हातात आल्याशिवाय
गाडी पुढच्या स्टेशनाकडे सुटत नाही, तसं.
आणि नकली माल?
तो टोकन न घेताच निघतो कधी कधी.

"काका, तुम्ही होते कुठं?"
"लोको शेड, अजनी."
पोरगा गप्प.

"एक सांग. तुया घरचा फोन
कायच्यावर लावतं तू?"

त्याने माझ्याकडे पाह्यलं नाही.
खाली वाकला, शेवटचा ड्रॉवर ओढला.
खोकं सीलबंद, आकडे बिलामागच्याशी जुळणारे,
नंबर जागेवर, हाताला वजन.
वायर अंगठ्याखालून सरकवत म्हणाला,
"आजा गोळीबार चौकात माग चालवे.
सूत पाहाचं तर डोळ्यानं नाही, बोटानं, म्हणे."
मी पण बोटानं पाह्यली. भरीव होती.

सातशे नव्वद. बिल मागितलं, शिक्क्यासकट.
बिलाचं नाव काढल्यावर तोंड वाकडं झालं त्याचं,
पण दिलं.

घरी चंद्रकला म्हणाली,
एवढ्यात चार खोळी आल्या असत्या.
मी काही बोललो नाही.
रात्री तिनेच बोर्ड उशाकडून उचलून
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.
डागाची खोळ फाडून फडकं केलं.

दोनला जाग आली. अंधारात जाऊन हात लावला.
कोमट.
कोमट चालतं.

परत येऊन पडलो तरी डोळा लागेना.
तो एकशे ऐंशीवाला मी काउंटरवरच ठेवून आलो होतो.
पोराने तो पुन्हा खिळ्याला टांगला असेल,
आणि आज संध्याकाळी कुणी तरी,
घाईत,
चष्मा घरी विसरलेलं...