छत्तीस भोकं

मागचं चाक काढून घरात आणलं
तेव्हा बहीण म्हणाली, हे माझ्या चादरीवर नको.
मग खाली पार्किंगमध्ये, खांबाशी,
जुनी वर्तमानपत्रं पसरून बसलो.

छत्तीस आरे. म्हणजे रिमला छत्तीस भोकं.
इतकी वर्षं ट्यूबनं सगळं पोटात घेतलं होतं,
भोकांकडे कुणी बघितलंच नाही.

आता ट्यूब नको.
तानसाच्या पाइपलाइनलगतच्या वाटेवर
रात्री पावणेदहाला ती एका दमात बसली,
आणि मी गाडी ढकलत साडेसहा किलोमीटर,
सोबतीला कुणाचा तरी कुत्रा.
ट्यूबलेसला काटा लागला तर हवा सावकाश जाते,
माणसाला घरी पोचू देते.
माझं मागणं एवढंच होतं.

बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर, अर्धी बाटली.
तिच्याच वॉर्डातली, सुई नसलेली सिरिंज.
खोबणीतला एकेक निपल पुसायचा,
त्याच्या डोक्यावर सीलंटचा थेंब,
वाटाण्याएवढा, आणि बोटानं लिंपायचा.
दहाच्या पुढे मोजणं चुकलं.
पुन्हा व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात.
सेक्रेटरी कामेरकर वास घेत आले.
स्फोट वगैरे होणार नाही ना, म्हणाले,
आणि लेंगा सावरून उकिडवे बसले.
तेरा ते एकोणीस त्यांनी लिंपले.

पुढचं चाक तसंच ठेवलं.
त्याच्या रिमला टायर धरून ठेवणारी कड नाही;
हवा उतरली तर वळणावर हात सोडून देईल.
म्हणजे गाडी मागून नवी, पुढून जुनी.
असू दे.

तीन दिवस सुकवलं. वरून टेपचे दोन वेढे.
टायर चढवला, पायपंप मार मार मारला.
इकडून हवा भरावी, तिकडून निघून जावी,
टायर काही कडेला बसेना.
त्याला एकदम झोत लागतो. कॉम्प्रेसर लागतो.
म्हणजे वर्गीस.

अमर महालच्या पुलाखाली नऊ वर्षं
माझी ट्यूब त्यानंच जोडली.
चाक रिक्षात घालून गेलो,
दुसऱ्या न्हाव्याकडे केस कापून
आपल्या न्हाव्यासमोरून जावं तसा.

त्यानं व्हॉल्व्ह पाहिला. माझ्याकडे पाहिलं.
काही बोलला नाही.
कडेनं साबणाचं पाणी फिरवलं, पाइप लावला.
टण्.
मग जरा वेळानं, दुसऱ्या बाजूनं, टण्.
पुलाखालची कबुतरं उडाली.

टबातल्या काळ्या पाण्यात तो चाक फिरवत राहिला,
एका आऱ्याशी थांबला.
एक बुडबुडा. थांबून, अजून एक.
"हा एक राहिला," म्हणत खडूनं खूण केली.
बहुतेक कामेरकरांच्या हद्दीतला.

"ट्यूब कुठंय जुनी?"
पिशवीत होती. त्यानं हातावर घेतली,
जपमाळेसारखी सरकवत गेला, अकरा ठिगळं.
"हा माहुलचा खिळा.
हा तू सायनला वडिलांचा डबा नेत होता, त्या रात्रीचा.
मी पैसे नाही घेतले."
हे मी साफ विसरलो होतो.
"ठेवू?"
ठेव म्हटलं.
हवेचे दहा रुपये घेतले, सुटे परत दिले.

त्या एका भोकावर पुन्हा थेंब. पुन्हा तीन दिवस.
मग रात्री गेजवर अठ्ठावीस,
सकाळी सत्तावीस.
कामेरकर म्हणतात, पहाटेचा गारवा, दुसरं काही नाही.
असेल.
तरी मी चाकाला कान लावून बसतो थोडा वेळ.
आणि पुलाखालून जाताना वर बघतो,
जिथे खिळ्याला ती लटकते आहे,
एक लांबट, रिकामा शून्य.
वर्गीस हात करतो. मी हॉर्न देतो.